आवाज सारखा करताना

वाचकहो, आमच्या भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी म्हणजे बायांच्या गाण्यांचा हंगाम. माझ्या आजीच्या आवाजातील अशा गाण्यांची एक कॅसेट आमच्या घरी होती. काही वर्षांपूर्वी मी ती संगणकात घेतली. आजीचा आवाज बारीक, मागून झील धरणाऱ्या बायांचा मोठा. इतर गाण्यांच्या मानाने सारेच हळू वाटे. म्हणून मी आवाज चढवला, हळू जागा उचलल्या, मोठ्या जागा दाबल्या आणि तीच प्रत जपून ठेवली. कॅसेटला पुढे बुरशी लागली. आज त्या प्रतीत आजी आणि झील सारख्याच मोठ्याने ओरडतात, वर खरखरही येते. चूक सर्वस्वी माझी. पण ती चूक मला का सुचली, हे शोधताना एक इतिहास हाती लागला. तोच आपणांस सांगतो.

१९०२ साली फ्रेड गायस्बर्ग याने कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने कर्ण्यासमोर उभे राहून गावे; त्या आवाजाने पडदा थरथरे, सुई हले आणि मेणावर रेघ उमटे. फार हळू गायले, तर रेघ उमटायची नाही. फार मोठ्याने गायले, तर बिघडायची. मग गाणाराने जोराच्या जागी मागे सरावे, हळुवार जागी पुढे यावे. म्हणजे बरं का, आवाज सारखा करण्याचे पहिले साधन म्हणजे गाणाराचे पाय!

१९२५ मध्ये विजेवरील ध्वनिमुद्रण आले आणि हे काम पायांकडून बोटांकडे गेले. नभोवाणीचा विस्तार झाला. आपले नागपूर केंद्रही १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. हळू बोलणारा वक्ता आणि खड्या आवाजाचा शाहीर, दोघेही घरी सारखेच ऐकू यावेत, म्हणून काट्यावर नजर ठेवून कुणीतरी बटण फिरवावे लागे.

परंतु काटा मोजतो ती विजेची पातळी. कानाचा हिशेब निराळा. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले, की सर्व स्वर कानाला सारख्याच जोराने ऐकू येत नाहीत. हळू आवाजात खर्जाचे स्वर तर विशेषच क्षीण वाटतात. तबल्याची एक थाप क्षणभर उंच उसळते, तंबोरा संथ वाहतो. केवळ उंची मोजली, तर कानाची फसगत होते.

१९८२ साली सीडी बाजारात आली. तिच्यात आवाज आकड्यांनी लिहितात आणि त्या आकड्यांना एक कमाल मर्यादा असते. तिच्या वर गेलेला भाग सरळ कापला जातो. १९९० नंतर कंपन्यांत चढाओढ लागली, आपले गाणे शेजारच्यापेक्षा मोठे वाटावे! हळुवार भाग उचलायचे, उंच भाग दाबायचे. २००८ मध्ये मेटॅलिका या अमेरिकन वाद्यवृंदाच्या 'डेथ मॅग्नेटिक' या संग्रहावर खुद्द त्यांच्या चाहत्यांनीच याबद्दल तक्रार केली. त्यांनी केले तेच मी घरी बसून केले होते.

उपाय मात्र आधीच निघाला होता. २००१ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन याने 'रिप्लेगेन' ही पद्धत मांडली. कानाला गाणे किती मोठे वाटेल हे संगणकाने मोजायचे आणि 'एवढे कमी करा' किंवा 'एवढे वाढवा' असा आकडा गाण्यासोबत चिठ्ठीसारखा जोडायचा. वाजवणारे यंत्र तो आकडा वाचून आवाज ठरवते. मूळ गाण्याला धक्का लागत नाही. पुढे २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने अशा मोजमापाचे प्रमाण ठरवले आणि २०१० मध्ये युरोपच्या प्रसारण संघाने त्यावर उणे २३ ही पातळी नेमली.

रिप्लेगेनमध्ये आकडे दोन असतात: एक प्रत्येक गाण्याचा, दुसरा संपूर्ण संग्रहाचा. निरनिराळी गाणी मिसळून ऐकायची असतील, तर पहिला वापरावा. पण एकाच मैफलीतील विलंबित आणि द्रुत वेगळे साठवले असतील, तर दुसराच वापरा. नाहीतर शांत सुरुवात आणि भरधाव शेवट एकाच जोराचे होतील, आणि गवयाने योजलेला चढ नाहीसा होईल.

रोवणीपूर्वी बांधी सपाट करावी लागते, नाहीतर पाणी एका कोपऱ्यात साचते. गाणे म्हणजे बांधी नव्हे. त्यातले उंचवटे आणि खळगे हेच गाणे. आपल्या घरी आजीच्या ओव्यांची, दंडारीची, कुणाच्या भजनाची कॅसेट असेल, तर ती संगणकात घेताना पहिली प्रत जशी आहे तशीच ठेवा. तिला हात लावू नका. दोन ठिकाणी जपा. आवाज सारखा करायचा तो आकडा जोडून, किंवा वेगळ्या प्रतीत.

आमच्या प्रतीत आजीचा बारीक आवाज आता कधीच परत येणार नाही. आपल्या घरचा अजून असेल, तर तेवढा सांभाळा, इतकेच सांगून आपली रजा घेतो.