फीत आणि तबकडी : घरातल्या एका जोडयंत्राची कहाणी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, ताम्रपट येतात, मोडी कागदांचे रुमाल येतात. परंतु इतिहासाची साधने दफ्तरखान्यातच सापडतात असे नाही. ती घरातल्या फळीवर असतात, पत्र्याच्या पेटीत लग्नातल्या शालूखाली असतात. आज अशाच एका साध्या वस्तूविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत. एकाच पेटीत एका बाजूला व्हिडिओ कॅसेट आत ढकलण्याची खाच आणि दुसऱ्या बाजूला डीव्हीडीची तबकडी ठेवण्याचा सरकता खण, असे हे जोडयंत्र. 2000 सालाच्या सुमारास ते बाजारात आले, पुढे स्वस्त झाले आणि बेताच्या मिळकतीच्या घरांतही पोचले. माझ्याही घरी जुन्या बाजारातून घेतलेले असे एक यंत्र आहे. दिसायला सुबक नाही, पण त्याच्या पोटात पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

आता ही फीत आली कोठून ते पाहू. चित्र आणि आवाज चुंबकीय फितीवर टिपणारे पहिले यशस्वी यंत्र 1956 साली अमेरिकेत अँपेक्स कंपनीने केले. फीत दोन इंच रुंद, आणि किंमत सुमारे 50,000 डॉलर! साहजिकच ते दूरचित्रवाणी केंद्रांपुरते राहिले. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला सीबीएसने न्यूयॉर्कच्या बातम्या फितीवर घेऊन पश्चिम किनाऱ्यावर तीन तास उशिराने दाखविल्या. तोवर दूरचित्रवाणीचे बहुतेक कार्यक्रम वाऱ्यावरच्या बोलण्यासारखे होते. जे आपोआप टिकत नव्हते ते आता सहज टिकू लागले.

फीत घराघरांत नेली ती जपानने. 1975 साली सोनीने बीटामॅक्स आणले, 1976 साली जेव्हीसीने व्हीएचएस आणले. दोघांचीही फीत अर्धा इंच रुंद, पण एकाची कॅसेट दुसऱ्याच्या यंत्रात चालत नसे. चित्र बीटामॅक्सचे बरे, असे पुष्कळांचे मत होते. मग जिंकले कोण? व्हीएचएस! का? बीटामॅक्सवर प्रारंभी एक तास मावे, व्हीएचएसवर दोन. अख्खा चित्रपट एका कॅसेटमध्ये बसला. शिवाय जेव्हीसीने आपली पद्धत इतर कारखानदारांना वापरू दिली, म्हणून यंत्रे पुष्कळ निघाली आणि किंमती उतरल्या. शेवटी 1988 साली खुद्द सोनीनेही व्हीएचएस यंत्रे काढली. जास्त पीक देणारे बियाणे शेजाऱ्याला दिले की गावभर तेच पेरले जाते. तसेच हे झाले.

मधल्या काळात मोठा खटला झाला. घरी बसून कार्यक्रम फितीवर उतरवून घेणे ही चोरी की काय? चित्रपट कंपन्यांचे म्हणणे, होय. 17 जानेवारी 1984 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, पुढे सोयीने पाहण्यासाठी घरी कार्यक्रम टिपून ठेवणे हा गुन्हा नव्हे. एका मताने हा धंदा तरला असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडे काय होते? दिल्लीत दूरदर्शन 1959 साली सुरू झाले, मुंबईत 1972 साली. 1982 साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत चित्र आले आणि त्याच लाटेबरोबर व्हीसीआर आला. तो विकत घेणे सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून वर्गणी काढायची, टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्याने आणायचा, अंगणात किंवा देवळापुढे मांडायचा आणि पहाटेपर्यंत तीन सिनेमे पाहायचे! आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या मंडळींना हे वेगळे सांगावयास नको. चोरट्या कॅसेटी इतक्या वाढल्या की 1984 साली कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर शैक्षणिक कार्यक्रम सुरू केले, आणि पुण्यात शालेय मुलांसाठी कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी उभी राहिली. म्हणजे फीत करमणुकीबरोबर शाळेतही शिरली.

पण खरा फरक पडला तो लग्नांत. शूटिंगवाला मांडवात आला आणि साध्यासुध्या माणसांची चालती-बोलती छबी पहिल्यांदा टिकून राहिली. राजांची चित्रे असत, सरदारांची असत. सामान्य घरात आजोबांचा एखादा फोटो, तोही ताठ बसलेला. कॅसेटमध्ये मात्र आजी विहिणीला उखाणा घ्यायला लावते आहे, पंगतीत आग्रह चालला आहे, कोणी रुसून बसले आहे, हे सारे जसेच्या तसे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून मोलाचे साधन ते कोणते?

आता हे यंत्र चालते कसे तेही थोडे पाहू. कॅसेटमधली फीत सेकंदाला अवघी सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास सरकते. मात्र जिच्याभोवती ती गुंडाळली जाते ती गोल डबी आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला 25 फेरे घेते. डबीवरची हेडे फितीवर तिरप्या रेघा ओढतात किंवा वाचतात. जणू कापडाच्या अरुंद पट्टीवर तिरपे टाके घातले आहेत. म्हणून तीन तासांचे चित्र सुमारे 258 मीटर फितीत मावते. यात हेड फितीला घासते, म्हणजे प्रत्येक पाहण्यात दोघांचीही थोडी झीज.

डीव्हीडी 1996 साली जपानात निघाली. बारा सेंटिमीटर व्यासाची तबकडी, एका थरात 4.7 गीगाबाइट माहिती, वाचणारा तो लाल लेसर किरण. किरण स्पर्श करीत नाही, त्यामुळे पाहण्याने झीज नाही. ओरखडा मात्र नडतो. त्याआधी आपल्याकडे व्हीसीडीचा बोलबाला झाला होता, तिच्यात हिंदी चित्रपटाला दोन-तीन तबकड्या लागत. पुढे 2007 साली मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकावयास काढली, आणि भाड्याच्या कॅसेटीचे उरलेसुरले दिवस संपले.

पण माणूस जुने एका दिवसात टाकीत नाही. बैलगाडीला मोटारीची टायरे लागली, तरी ओढायला बैलच होते. जोडयंत्र हे त्यातलेच. फळीवरच्या कॅसेटी टाकवत नाहीत आणि नव्या तबकड्यांचा मोह सुटत नाही, अशा घरासाठी ते निघाले. एक पेटी, एक रिमोट, टीव्हीला एकच जोडणी. कारखानदाराचा खर्च वाचला, गिऱ्हाइकाचे पैसे वाचले. उणिवा होत्याच. एक अर्धांग बिघडले की दोन्ही दुरुस्तीला न्यावी लागतात. विकत घेतलेली डीव्हीडी कॅसेटवर उतरवू गेल्यास नक्कल रोखणारा संकेत आड येतो. कॅसेटवरून तबकडी करण्याची सोय महागड्या यंत्रांत असे. स्वस्तातले यंत्र नुसते दाखविते. अमेरिकेतल्या नातलगांनी पाठविलेली लग्नाची कॅसेट आपल्या यंत्रात पुष्कळदा चालत नसे, कारण तिकडची चित्रपद्धती वेगळी.

श्रोतेहो, आता मुद्द्याची गोष्ट. जेव्हीसीने केवळ व्हीएचएसची स्वतंत्र यंत्रे करणे 2008 साली थांबविले. जपानची फुनाई ही कंपनी शेवटपर्यंत टिकली. 2015 साली तिची साडेसात लाख यंत्रे खपली होती. तरीही सुटे भाग मिळेनात, म्हणून जुलै 2016 मध्ये तिनेही काम बंद केले. म्हणजे आज जगात चालू असलेले प्रत्येक यंत्र जुने आहे. त्यातले रबराचे पट्टे कडक होत आहेत, हेडे झिजत आहेत, दुरुस्ती जाणणारे कारागीर म्हातारे होत आहेत. फितीचेही वय झाले आहे. दमट हवेत तिला बुरशी येते, लेप सुटतो. बालचित्रवाणीही 2017 साली बंद झाली.

मोडीचे उदाहरण घ्या. पेशवे दफ्तरात कागदांची वाण नव्हती. वाण होती ते वाचणाऱ्यांची. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी सहकाऱ्यांसह 1930 पासून त्यांतले निवडक कागद 45 खंडांत छापले, म्हणून ते आपल्याला सुलभ झाले. पण मोडी शिकता तरी येते. कॅसेट कितीही डोळ्यांपुढे धरली तरी काळी पट्टीच दिसणार. यंत्र गेले की ती मुकी झाली!

तेव्हा ज्यांच्या घरी असे यंत्र धडपणे चालते आहे त्यांनी ते भंगारात देऊ नये. कॅसेटी उभ्या ठेवाव्यात, कोरड्या जागी आणि लाउडस्पीकरच्या चुंबकापासून दूर. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नये. तिची घाण हेडाला लागून पुढच्या चांगल्या कॅसेटीही खराब होतात. नव्याने हाती आलेल्या यंत्रात आधी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून पाहावी, मग लग्नाची. जाणकाराकडून संगणकावर उतरवून घ्यावे आणि प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. तीन तासांच्या कॅसेटला उतरवायला तीन तास लागतात, म्हणून हे काम उद्यावर टाकून भागणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वरच्या वर्गातल्या मुलांना गावातल्या कॅसेटींची यादी करावयास सांगा : कोणाच्या घरी, कशाची, कोणत्या सालची. लग्न असेल, जत्रा असेल, शाळेचे संमेलन असेल. पडद्यावरच्या माणसांची नावे सांगू शकणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवर ती वहीत उतरून घ्या. कारण नावाशिवाय चेहरा हे अर्धेच साधन. फीत, यंत्र आणि ओळखणारे माणूस ही तिन्ही एकत्र भेटण्याची वेळ आता थोडी उरली आहे. ती आहे तोवर काम उरकलेले बरे.