मोटारीतला रबरी बुश

शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्याच्या शिवारातली जमीन काळी आहे. पावसात ती पायाला आणि चाकाला चिकटते, आणि पाऊस सरला की ओल्या वाटेवर उमटलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या टणक होतात. त्या चाकोऱ्यांतून पूर्वी बैलगाडी जात असे. गाडीला स्प्रिंग नाही, पाटे नाहीत. लाकडी चाकावर लोखंडाची धाव, मध्ये तुंबा आणि तुंब्यातून गेलेला आस. हलणारा सांधा काय तो हा एकच. त्याला वंगण घातले म्हणजे काम झाले. बाकी रस्त्याचा जो काही धक्का असेल तो थेट बैलांच्या मानेला आणि माणसाच्या पाठीच्या मणक्याला. पुढे त्याच गाड्यांना हवा भरलेली रबरी चाके आली. डनलॉपने असे हवेचे टायर 1888 साली पेटंट केले होते, म्हणून आपल्याकडे गाडीचे नावच ‘डनलॉप’ पडले. बैलांचे ओढकाम हलके झाले आणि धक्क्याचा काही वाटा प्रथमच रबराने उचलला.

आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे तीही रबराचीच आहे. ती चाकाखाली नसते, चाकाच्या पाठीमागे अंधारात, चिखलात दडलेली असते. मोटारीच्या पुढच्या सस्पेन्शनमधला बुश. मुठीत मावेल एवढा. जुनी फियाट किंवा अॅम्बेसेडर हौसेने सांभाळणाऱ्या माणसाला आज ना उद्या प्रश्न पडतोच, की हे बुश बदलायचे तर जसे होते तसेच घालावेत, की नव्या जमान्याचे, अधिक कणखर घालावेत? या प्रश्नाचे उत्तर बुशाच्या इतिहासात आहे असे मला वाटते. इतिहास म्हणजे काही नुसत्या राजांचाच असतो असे नाही.

रबरी बुश येण्यापूर्वी काय होते ते पाहू. 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रांनी विलिस जीपची जोडणी सुरू केली आणि पुढच्या काळात जीप खेड्यापाड्यांत, डोंगरांत पोचली. जीपचा पुढचा आस सलग, आणि तो पाट्यांवर टांगलेला. पाट्याचे एक टोक शॅकलने चासीला जोडलेले. या शॅकलमध्ये रबर नव्हते. लोखंडी आटे असलेला बुश होता, आट्यावर आटे फिरत. काही ठिकाणी तर आटे उलटे, म्हणजे डावे. नवख्या मिस्त्रीने जोर लावला की मोडलेच म्हणून समजा. लोखंडावर लोखंड घासणार म्हणजे ग्रीस हवेच. प्रत्येक शॅकलला निपल, आणि साधारण दर हजार मैलांनी ग्रीसगन घेऊन गाडीखाली शिरायचे. ग्रीस चुकले तर चिखल आत शिरतो, वाळू शिरते आणि थोड्याच दिवसांत सांधा खुळखुळा होतो.

सलग आसाची दुसरी एक खोड होती. दोन्ही चाके एकमेकांना बांधलेली. डावे चाक खड्ड्यात गेले की उजवेही तिरके व्हायचे, आणि विशिष्ट वेगाला पुढची दोन्ही चाके थरथरू लागायची. यावर तोड म्हणून प्रत्येक चाक स्वतंत्र करण्याची कल्पना निघाली. इटलीच्या लान्सियाने 1922 च्या आपल्या ‘लाम्ब्डा’ गाडीत तसे केले होते. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या 1934 च्या गाड्यांत मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअराच्या खटपटीने स्वतंत्र पुढची चाके आली. आता चाक दोन आर्मांवर बसले, एक वर, एक खाली. मध्ये गुंडाळीची स्प्रिंग. प्रवासी सुखावला. परंतु मिस्त्रीच्या बाजूने पाहा. सलग आसाला मोजकेच सांधे होते. आता दोन्ही बाजू मिळून चार आर्म, आणि प्रत्येक आर्म आतल्या बाजूला साधारण दोन ठिकाणी टांगलेला. सांधे वाढले! प्रत्येकाला लोखंडी बुश आणि निपल द्यायचे म्हटले तर ग्रीसगन हातातून खाली ठेवायलाच नको.

येथे रबर मदतीला आले. 1920 च्या दशकात ‘सायलेंट ब्लॉक’ नावाची एक जोडणी युरोपात पसरू लागली होती. आपल्याकडचे काही जुने मिस्त्री अजूनही हेच नाव घेतात. बाहेर एक पोलादी नळी, आत एक बारीक पोलादी नळी आणि दोहोंच्या मध्ये दाबून बसवलेले रबर. आतली नळी बोल्टने गाडीच्या सांगाड्याला पक्की आवळायची, बाहेरची नळी आर्ममध्ये ठोकून बसवायची. आता आर्म वरखाली झाला तर घासते काय? काहीच नाही. दोन्ही नळ्या रबराला घट्ट धरून असतात आणि मधले रबर थोडेसे पिळले जाते, पुन्हा उलगडते. ओले धुणे पिळताना कापड जसे वळते, पण हातातून निसटत नाही, तसे. घासणे नाही म्हणून झीज नाही, झीज नाही म्हणून ग्रीस नाही. शिवाय रस्त्याची बारीक थरथर रबरातच जिरते.

या बदलात एक गंमतीची अडचण झाली. वंगण घालणे म्हणजे काळजी घेणे, हे ज्या पिढीच्या हातात मुरले होते तिने करकरणाऱ्या रबरी बुशावरही तेल सोडले. नैसर्गिक रबराला खनिज तेल म्हणजे विष. ते फुगते, मऊ पडते आणि सुटते. बैलगाडीच्या तुंब्याला जे अमृत तेच येथे घातक ठरले. आजही हा घोटाळा पुरता संपलेला नाही.

आता आपल्या फियाटकडे येऊ. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा केला. सुरुवात अमेरिकन गाड्यांच्या जोडणीने झाली, पुढे फियाटशी करार झाला. फियाटची ‘1100-103’ ही गाडी इटलीत 1953 साली आली आणि लौकरच कुर्ल्यातही तिची जोडणी होऊ लागली. 1964 पासून ‘1100 डी’, जिला आपण ‘डिलाइट’ म्हणत असू, आणि 1970 च्या दशकात तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. 2000 च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरण कित्येक वर्षे होते. नियमानुसार टॅक्सीचे वय वीस वर्षे. त्यामुळे ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. तिच्या निरोपाच्या बातम्या आपण वाचल्या असतीलच.

या गाडीच्या दोन गोष्टी आपल्या विषयाला महत्त्वाच्या आहेत. पुढची चाके स्वतंत्र, आर्म आणि गुंडाळीच्या स्प्रिंगवर. मागे मात्र सलग आस आणि पाटे. आणि दुसरी गोष्ट, हिला जीपसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. म्हणजे पुढच्या आर्मांकडून येणारा धक्का शेवटी दाबून आकार दिलेल्या आणि एकमेकांना डागलेल्या पत्र्यात जातो. अॅम्बेसेडरचेही तसेच. तिची पुढची स्प्रिंग मात्र गुंडाळीची नसून पिळणाऱ्या पोलादी दांड्याची होती. जाड चासीची जीप एखादा धक्का अंगावर घेऊन विसरून जाते. पत्र्याची बॉडी विसरत नाही. डागाजवळ केसासारखी चीर पडते, तीत पाणी शिरते, गंज धरतो.

बुश गेला हे कसे ओळखावे? खड्ड्यात चाक पडले की पुढून ठक असा कोरडा आवाज येतो. टायर एकाच कडेने झिजतो. सगळ्यांत वाईट म्हणजे ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला खेचते. ब्रेक लावला की चाक मागे राहू पाहते आणि आर्मला मागे ओढते. बुश धड असेल तर आर्म किंचितच सरकतो. रबर फाटलेले असेल तर एका बाजूचा आर्म अधिक सरकतो आणि चाकाचे तोंड वळते. शहाद्यातून जाणाऱ्या बऱ्हाणपूर–अंकलेश्वर मार्गावर गाळपाच्या दिवसांत समोरून उसाने लादलेल्या ट्रॉल्या येत असतात. अशा वेळी गाडी हातभर उजवीकडे सरकली तर काय होईल हे सांगायला नको. हा केवळ हौशी माणसाच्या आरामाचा प्रश्न नाही.

गाडीचे उत्पादन थांबले, कंपनीचे सुटे भाग दुर्मिळ झाले, तेव्हा लोकांनी आपापल्या परीने मार्ग काढले. साखर कारखाने आणि पाण्याचे पंप जेथे आहेत तेथे लेथ असतेच. लेथवर नायलॉनचा दांडा लावायचा, भोक पाडायचे, माप उतरवायचे, बुश तयार! स्वस्त, टिकाऊ, आणि हातोहात. मिस्त्रीची युक्ती म्हणून मला तिचे कौतुक आहे. पण नायलॉन पिळत नाही, दबतही नाही म्हटले तरी चालेल. मग तो धक्का जातो कोठे? बोल्टमध्ये, आणि बोल्टाच्या भोकातून पत्र्यात. बुश वर्षानुवर्षे नवा दिसतो आणि भोक लांबट होते. बुशाची किंमत वाचली, बॉडीने भरली.

दुसरा मार्ग पॉलियुरेथेनचा. हा पदार्थ ओटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1937 साली शोधला. गुणाने तो रबर आणि नायलॉन यांच्या मधला. कठीणपणा मोजण्याचे एक माप आहे, त्याला ‘शोअर ए’ म्हणतात. गाडीच्या रबरी बुशाचा आकडा त्यात साधारण 50 ते 70, तर पॉलियुरेथेनचा 70 पासून 95 पर्यंत. शर्यतीच्या गाड्यांत त्याचे बस्तान बसले, कारण तेथे चाक एक रेसभरही सरकायला नको असते आणि चालकाला हादरे बसले तरी बेहत्तर. तेलाने तो बिघडत नाही, उन्हाने लौकर चिरत नाही. परंतु तो बहुधा नळीला चिकटवलेला नसतो; नळीवर फिरतो. म्हणजे घासणे परत आले, आणि घासण्याबरोबर वंगणही! तेही साधे ग्रीस न घालता सिलिकॉनचे घालायचे. नाही घातले तर गाडी जुन्या लाकडी दारासारखी कुरकुरते. शंभर वर्षांचा फेरा मारून आपण पुन्हा तुंब्यापाशी आलो म्हणाना.

बुश जितका कणखर तितकी सुधारणा मोठी, असे मानणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. मिशलँने 1946 साली रेडियल टायरचे पेटंट घेतले. या टायरचा पट्टा आडव्या दिशेला पकड चांगली धरतो, पण रस्त्यावरची लहानशी उंची समोरून आली की जुन्या टायरपेक्षा कडक ठोका देतो. कारखान्यांतल्या इंजिनिअरांनी यावर काय केले? बुश कठीण केले नाहीत. पुढेमागे किंचित दबतील, पण आडवे सरकणार नाहीत, असे बुश घडवले. काही बुशांत रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवल्या. आपल्या जुन्या फियाटला आज आपण रेडियल टायर घालतो, आणि वर पॉलियुरेथेनचे बुश घालतो. म्हणजे ठोका वाढवायचा आणि तो जिरवणारी जागा बंद करायची. गुळगुळीत रस्त्यावर गाडी रेषेत धावेल, यात शंका नाही. शहाद्याहून तोरणमाळच्या घाटात ती चालवून पाहावी.

म्हणून माझा कौल असा. आतल्या आर्मांना चांगल्या प्रतीचे, नळीला पक्के धरलेले रबरी बुश घालावेत. सुधारणा हवीच असेल तर ती रबराच्या प्रतीत करावी. ओझोनने आणि उन्हाने चिरणार नाही असे रबर आज मिळते, पूर्वी मिळत नव्हते. पॉलियुरेथेन वापरायचे तर आडव्या दांड्याला, म्हणजे ज्याला अँटीरोल बार म्हणतात त्याच्या बुशांना वापरावे. तेथे फायदा दिसतो आणि बॉडीला त्रास थोडा. काहींना हे भित्रेपणाचे वाटेल. वाटो.

कायद्याची भीती या बाबतीत फारशी नाही. केंद्र सरकारने 2021 साली जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. बुशाचे नाव त्या व्याख्येत नाही. पण चिरलेल्या पत्र्यावर जाड पट्ट्या डागत बसण्याची पाळी आली, तर मात्र गोष्ट बॉडीपर्यंत पोचते.

आता बसवण्याविषयी, कारण इतके सगळे समजून घेऊनही पुष्कळ बुश महिन्याभरात फाटतात ते येथेच. गाडी जॅकवर असते, चाके लोंबकळत असतात, आणि मिस्त्री त्याच स्थितीत आर्मचे बोल्ट पूर्ण आवळून टाकतो. मग गाडी खाली येते, आर्म वर उचलला जातो आणि रबर उभ्या गाडीतही पिळलेलेच राहते. वर खड्डा आला की आणखी पिळते आणि फाटते. दोष रबराला दिला जातो. रीत अशी की बोल्ट आधी नुसते हाताने बसवावेत. चाके लावावीत, जॅक काढावा, गाडी आपल्या चाकांवर सपाट जागी उभी करावी. पुढचा भाग दोन्ही हातांनी चारदोनदा दाबून सोडावा, म्हणजे स्प्रिंग आपल्या जागेवर येईल. मग खाली शिरून बोल्ट शेवटचे आवळावेत, आणि त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट पाहून घ्यावे.