दोन कान, दोन घड्याळं

समुद्रपूरला घरी गेले की क्रिकेट मॅचच्या दिवशी एक गंमत हमखास होते. शेजारच्या घरातून सिक्सचा ओरडा येतो, आणि आमच्या मोबाइलवर बॉलर अजून रनअपच घेत असतो. त्यांच्याकडे डिश, आमच्याकडे इंटरनेट. बाबा म्हणतात, रेडिओच्या काळात असं नव्हतं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं तरी कॉमेंट्रीतला एक शब्द सुटायचा नाही.

बाबांचं बरोबर आहे. रेडिओत साठवण नव्हती; लहर आली की स्पीकर हलला. दोन घरांत ३०० मीटर अंतर धरलं तरी लहरीला लागणारा जास्तीचा वेळ १ मायक्रोसेकंद. एकत्र वाजणं फुकटात मिळत होतं. डिजिटल आवाज पॅकेटांतून येतो. पॅकेटं हरवतात, पुन्हा मागवावी लागतात, म्हणून प्रत्येक यंत्र थोडा आवाज आधी साठवून ठेवतं. ही साठवण म्हणजे बफर. बफर आला आणि ते फुकटचं एकत्र वाजणं गेलं. वायरलेस इअरबडचा इतिहास हा बराचसा ते परत मिळवण्याचा इतिहास आहे.

पण परत मिळवायचं म्हणजे किती अचूक? याचं उत्तर इअरबडच्या शंभर वर्षं आधीचं आहे. लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली दाखवलं की खालच्या पट्टीतल्या आवाजाची दिशा आपण दोन कानांत लहर पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून ओळखतो, आणि वरच्या पट्टीत आवाजाच्या कमीजास्त जोरावरून. आमच्या तालुक्यात जामच्या चौकात नागपूर-हैदराबाद हायवेवर उभं राहा आणि डोळे मिटा (रस्त्यापासून लांब, कृपया). ट्रक डावीकडून येतोय की उजवीकडून, हे लगेच कळतं. आवाज पूर्ण एका बाजूने आला तरी दोन कानांतला फरक जास्तीत जास्त ६०० ते ७०० मायक्रोसेकंदच असतो. सराव असलेल्या माणसाला तर १० मायक्रोसेकंदांच्या आसपासचा फरकही जाणवतो.

आता ब्लूटूथचा एक आकडा शेजारी ठेवा. क्लासिक ब्लूटूथमध्ये वेळेचे तुकडे पाडलेले असतात आणि एक तुकडा ६२५ मायक्रोसेकंदांचा असतो. म्हणजे दोन बडमध्ये फक्त एका तुकड्याची चूक झाली, तरी डोक्याच्या मधोमध वाटायला हवा तो गायकाचा आवाज सरकून थेट एका कानाशी जाऊन बसेल. हे दोन आकडे इतके जवळ असणं हा योगायोग आहे, पण प्रश्न किती नाजूक आहे ते त्यातून नीट कळतं.

इथे माझी एक फजिती सांगते. पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या सेमिनारमध्ये मी ‘उशीर’ आणि ‘तफावत’ हे शब्द एकाच अर्थाने वापरत होते. एका सरांनी विचारलं, ‘दोन्ही कानांत आवाज दोन सेकंद उशिरा आला तर गाण्याचं काय बिघडेल?’ काहीच नाही. नुसतं गाणं ऐकताना दोन सेकंद उशीरही चालतो, पण दोन कानांतली अर्ध्या मिलिसेकंदाची तफावत चालत नाही. उशीर वेगळा, तफावत वेगळी. पेपर वाचताना लेखक नक्की कशाबद्दल बोलतोय हे आधी पाहा. बऱ्याच ठिकाणी ते मिसळलेलं सापडेल.

ब्लूटूथवर संगीत पाठवायचा नियमसंच २००३ मध्ये आला. तो एका फोनकडून एकाच हेडफोनकडे आवाज जाईल असं धरून लिहिलेला होता. डावं-उजवं वेगळं करायचं काम हेडफोनच्या आतली वायर करणार, त्यामुळे तफावतीचा प्रश्नच नव्हता. पुढे वायर कापली गेली. ब्रॅगी कंपनीच्या ‘डॅश’ची किकस्टार्टरवरची मोहीम २०१४ ची, ॲपलचे एअरपॉड्स २०१६ चे. नियम मात्र जुनेच, फोनच्या दृष्टीने समोर अजूनही एकच हेडफोन. मग जुगाड सुरू झाले. एक बड फोनकडून सगळं घ्यायचा आणि दुसऱ्याचा हिस्सा पुढे पाठवायचा. पण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी आपलं डोकं चांगल्याच शोषून घेतं, कारण डोक्यात पाणी भरपूर! म्हणून ‘डॅश’ने दोन बडमधल्या संवादासाठी चुंबकीय क्षेत्र वापरलं. ते शरीरातून सहज जातं, पण त्यासाठी वेगळी चिप लागते. नंतर काही कंपन्यांनी दुसऱ्या बडला फोन आणि पहिला बड यांच्यातलं बोलणं गुपचूप ऐकायला शिकवलं.

पॅकेट पोचलं तरी निम्मंच काम झालं. प्रत्येक बडमध्ये स्वतःचा क्रिस्टल, म्हणजे स्वतःचं घड्याळ. ब्लूटूथच्या नियमात दशलक्षात २० भागांपर्यंतची चूक चालते. एक बड तेवढा पुढे आणि दुसरा तेवढाच मागे धावला, तर दर सेकंदाला ४० मायक्रोसेकंदांचं अंतर पडतं. साडेतीन मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी ते ८.४ मिलिसेकंद होईल. म्हणून सुरुवातीला एकदा घड्याळं जुळवून भागत नाही, गाणं चालू असताना ती सतत जुळवत राहावी लागतात.

हाच प्रश्न फार मोठ्या आकारात महाराष्ट्रात आधीच सुटलेला होता. नारायणगावजवळ खोडदला, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात उभी राहिलेली जीएमआरटी दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. आकाशातली एकच लहर प्रत्येक डिशला वेगळ्या वेळी भेटते. टोकाच्या दोन डिशमध्ये हा फरक ८० मायक्रोसेकंदांपर्यंत जाऊ शकतो, आणि पृथ्वी फिरते म्हणून तो सतत बदलतो. शिवाय ऑप्टिकल फायबरमध्ये दर किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद जातात ते वेगळेच. यावर उपाय काय? ज्या डिशला लहर आधी मिळाली, तिचा सिग्नल मेमरीत थांबवून ठेवायचा आणि उशिरा येणाऱ्याची वाट पाहायची. मेमरीत फक्त पूर्ण नमुन्यांइतकंच थांबता येतं; नमुन्याच्या अंशाइतकी उरलेली तफावत फूरिए रूपांतरानंतर फेज फिरवून काढतात. इअरबडमध्येही हे अंश महत्त्वाचे असतात, कारण सेकंदाला ४४,१०० नमुने असतील तर एक नमुना जवळपास २३ मायक्रोसेकंदांचा, आणि कानाला त्याहून बारीक फरक कळतो. एक मोठा फरक मात्र आहे. खोडदला मध्यवर्ती इमारतीतून प्रत्येक डिशकडे फायबरवरून एकच संदर्भ-लहर जाते. इअरबडना ती चैन नाही.

त्यांना निदान लिखित नियम मिळाला तो २०२० च्या सुमारास, एलई ऑडिओच्या रूपात. आता फोन डाव्या आणि उजव्या बडला वेगवेगळे प्रवाह पाठवतो. पॅकेटं मागेपुढे पोचली तरी दोघांना एक सामाईक संदर्भक्षण ठरवून दिलेला असतो, आणि त्यानंतर किती मायक्रोसेकंदांनी वाजवायचं तेही सांगितलेलं असतं. ज्याच्याकडे आधी आलं तो थांबतो. खोडदचीच युक्ती.

या नियमामागचा रेटा फक्त गाणी ऐकणाऱ्यांचा नव्हता. युरोपातल्या श्रवणयंत्र उत्पादकांची संघटना आणि ब्लूटूथची संस्था २०१४ मध्ये एकत्र आल्या, आणि एलई ऑडिओची मुळं तिथे आहेत. पण श्रवणयंत्राच्या बाबतीत मघाचा सरांचा प्रश्न उलटा होऊन परत येतो. समजा, मंडपात कीर्तन चाललंय आणि माइकचा आवाज थेट आजीच्या श्रवणयंत्रात ५० मिलिसेकंद उशिराने येतोय. दोन्ही कानांत तफावत शून्य. पण तोच आवाज हवेतूनही येतोय, सेकंदाला साधारण ३४० मीटर वेगाने. आजी स्पीकरपासून १७ मीटरवर बसली असेल तर दोन्ही आवाज एकदमच पोचतात. ती पुढे पहिल्या रांगेत जाऊन बसली, तर हवेतला आधी येतो आणि यंत्रातला त्याच्या मागून. बफर यंत्रातल्या आवाजाला थांबवू शकतो, हवेतल्या आवाजाला नाही. आणि कीर्तनाला आजी पहिल्या रांगेतच बसते.