वरसावे नाका आणि वाळवीची माती

वरसावे नाक्यावर अडकलात की काय करता? मोबाईलवर नकाशा बघता. ती लाल रेघ पुढे अडकलेल्यांच्या फोननीच काढलेली असते. कुणी कुणाशी बोललेलं नसतं. १९५९ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर-पॉल ग्रासे यांनी वाळवीचं वारूळ असंच समजावलं: एकीने ठेवलेली माती दुसरीला काम सांगते. नाव दिलं स्टिग्मर्जी. मग १९९२ च्या पीएचडी प्रबंधात मार्को डोरिगोंनी मुंग्यांच्या वाटांवरून अल्गोरिदम मांडला. त्यातली खरी गंमत, आकड्यांतला गंधही हळूहळू उडतो. नाहीतर सगळे जुन्याच वाटेवर! सगळीकडे पसरलेल्या संगणकांवर संशोधन करणार असाल, तर खूण कोण ठेवतं एवढंच नका विचारू. ती पुसतं कोण, कधी? वरसाव्याची कोंडी सुटली आणि रेघ लालच राहिली, तर ठाण्यातला माणूस उगाच घरी बसून राहील.