विहिरीवरची मोटारीची खोली

बावड्याच्या शिवारात विहिरीच्या काठावर किंवा नीरेच्या दरडीवर दिसणारी मोटारीची खोली बांधायला सोपी असते. आठ-दहा फुटांच्या चार भिंती, वर पत्रा आणि एक दार. आत लाकडी फळीवर मेन स्विच, किटकॅट फ्यूज, स्टार्टर आणि असलाच तर मीटर. बाहेर खांबावरून आलेली सर्व्हिस वायर आणि भिंतीलगत मीठ-कोळसा भरलेला अर्थिंगचा खड्डा. खोली दोन दिवसांत उभी राहते, तिथे वीज यायला मात्र कित्येकदा वर्षे लागतात. राहत्या घरापासून दूर, उसाच्या मध्ये असलेल्या या खोलीपर्यंत तार कोणत्या बाजूने न्यायची, किती जाडीची, कोणाच्या खर्चाने आणि तिच्यातून वीज किती तास येणार, या प्रश्नांभोवती इंदापूर-बारामतीच्या शेतीचा मोठा इतिहास गुंफलेला आहे.

बावडा हे इंदापूर-अकलूज रस्त्यावरचे, नीरेच्या उत्तरेकडचे गाव. नदीपलीकडे सोलापूर जिल्ह्याचा माळशिरस तालुका सुरू होतो. पर्जन्यछायेतल्या या मुलखात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर भाटघर धरणाच्या पाण्यावर नीरा डावा कालवा उभा राहिला आणि १८८५ मध्ये तो सुरू झाला. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊस पसरला तो या कालव्यामुळे. सासवडकडचे माळी बागायतदार कालव्यामागोमाग इकडे आले. १९३० च्या दशकात कळंबला वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना निघाला आणि त्या वसाहतीचे वालचंदनगर झाले. कालव्याचे पाणी पाळीने येई, आणि बावड्यासारख्या कालव्याच्या शेपटाकडच्या गावांना पाळी लांबली की ऊस वाळू लागे. दोन पाळ्यांमधला खंड भरून काढायला विहीर हाच उपाय होता. कालव्याच्या पाझराने विहिरींना पाणीही वाढले होते. प्रश्न उरला तो पाणी वर काढण्याचा.

हे काम शतकानुशतके मोटेने होई. धावेवरून खाली जाणारे बैल, नाड्याला बांधलेली चामड्याची मोट आणि थारोळ्यात कोसळणारे पाणी यांच्या जोरावर बाजरी, ज्वारी, भाजीपाला, थोडा ऊस निघे. एका मोटेने दिवसभरात अर्धा एकर भिजवणेही कठीण होते. बैलजोडी त्याच कामात अडकून पडे आणि वैरणीचे रान वेगळे राखावे लागे.

मोटेला पर्याय म्हणून आधी आले ते तेलाचे इंजिन. साताऱ्याच्या कूपर कारखान्याची इंजिने दक्षिण महाराष्ट्रात परिचित होती. किर्लोस्करवाडीला १९२६ पासून पंप तयार होऊ लागले, आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना निघाला. विहिरीवर बंदिस्त खोली बांधण्याची गरज इंजिनाने निर्माण केली. मोट उघड्यावर चाले, पण इंजिनाला पावसापासून आणि चोरापासून आडोसा लागे, धुराच्या नळीला भिंतीत भोक लागे, गार पाण्याची टाकी लागे. पुढे तारा आल्या तेव्हा अनेक विहिरींवर खोली तयारच होती. इंजिन उचलून त्याच ओट्यावर मोटार बसवली गेली.

महाराष्ट्रात वीज त्याआधीच होती, पण ती शहरांची आणि गिरण्यांची होती. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये मुंबईसाठी सुरू झाले. ग्रामीण भागाची जबाबदारी घेणारी सार्वजनिक संस्था निघाली ती १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यानंतर: १९५४ मध्ये मुंबई राज्याचे विद्युत मंडळ आणि राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली आणि पश्चिम महाराष्ट्रात खेड्यांकडे वाहिन्या ओढता येतील एवढा पुरवठा हाती आला.

१९६५-६६ च्या देशव्यापी अवर्षणाने मोठा बदल घडवला. तोपर्यंत खेड्याचे विद्युतीकरण म्हणजे गावठाणात दिवे लावणे, असा अर्थ घेतला जाई. धान्यटंचाईने सरकारचे लक्ष दिव्यांवरून पंपांकडे वळले. १९६९ मध्ये केंद्राने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापले. एखाद्या वाहिनीवर किती पंप जोडले जाणार, यावर तिचे कर्ज आणि तिची निकड ठरू लागली. म्हणून तारा विहिरींच्या ओळीने गेल्या. गावठाणापासून लांब, वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबांच्या वाट्याला मात्र घराचा दिवा उशिरा आला. मोटारीच्या खोलीत वीज आणि शंभर पावलांवरच्या घरात कंदील, अशी स्थिती कित्येक वस्त्यांवर दीर्घकाळ राहिली. वीज मंडळाची नियोजनातली ही उणीव खरी आहे, आणि तिचा भार मुख्यतः वस्तीवरच्या बायकामुलांनी सोसला. १९७२ च्या दुष्काळाने विहिरी खोल करण्याची आणि नव्या पाडण्याची लाट आणली, तशी जोडण्यांची मागणीही वाढली.

जोडणी मिळवण्याची रीत या काळात पक्की झाली आणि फारशी बदललेली नाही. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद हवी, विहीर सामाईक असेल तर सहहिस्सेदारांची संमती हवी. नदीवरून पाणी उचलायचे तर पाटबंधारे खात्याची परवानगी हवी. अर्ज गेल्यावर खांबांचा अंदाज निघतो, कोटेशन येते, ते भरायचे. खोलीतले वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून करून त्याचा टेस्ट रिपोर्ट द्यायचा. मग यादीतल्या क्रमांकाची वाट पाहायची. ज्याची विहीर आधीच्या खांबाजवळ, त्याचे काम सोपे. ज्याची विहीर शिवाराच्या टोकाला, त्याला दोन-चार खांबांचा खर्च उचलावा लागे किंवा शेजाऱ्याच्या बांधावरून तार नेण्यासाठी त्याची मनधरणी करावी लागे.

अंतराचा हा प्रश्न पैशापुरता नाही. पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटार ४१५ व्होल्टवर साधारण साडेसात अँपिअर प्रवाह घेते. चार चौरस मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम तारेतून तो ३०० मीटर नेला, तर वीस-बावीस व्होल्ट वाटेतच खर्च होतात. मोटार सुरू होताना प्रवाह क्षणभर पाच-सहा पट वाढतो, तेव्हा ही घट त्याहून पुष्कळ मोठी असते. डीपीवरच (रोहित्रावरच) व्होल्टेज कमी असेल तर खोलीपर्यंत पोहोचलेली वीज मोटारीला उचलत नाही. मोटार गुणगुणते, जास्त प्रवाह ओढते, तापते आणि वाइंडिंग जळते. म्हणून जाणता वायरमन आधी डीपीपासूनचे अंतर विचारतो, त्या डीपीवर किती मोटारी आहेत ते विचारतो, आणि मग तारेची जाडी सांगतो. तारेत वाचवलेले पैसे एक-दोन हंगामांत रिवाइंडिंगवाल्याकडे जातात.

पंप कुठे ठेवायचा, हेही पाण्याच्या पातळीवर ठरे. साधा पंप सात-आठ मीटरपेक्षा खालून पाणी ओढू शकत नाही. पातळी खाली गेली की पंप विहिरीच्या आत कट्ट्यावर उतरवावा लागे आणि त्याच्यामागे केबलही. ओल्या विहिरीत उतरून मोटारीला हात लावताना अनेकांचे जीव गेले. नीट केलेले अर्थिंग हा तिथे जगण्या-मरण्याचा विषय आहे. पुढे पाणबुडी मोटारी आल्या. मोटार पाण्याखाली गेली आणि खोलीत उरला फक्त स्टार्टरचा बोर्ड. उजनी धरणाच्या फुगवट्यालगत, तालुक्याच्या भीमेकडच्या बाजूला, याहून वेगळी कसरत चालते. जलाशय ओसरू लागला की मोटारी पाण्यामागे सरकवाव्या लागतात आणि दर उन्हाळ्यात केबल व पाइप वाढवत न्यावे लागतात. तिथे कायमच्या खोलीला अर्थच उरत नाही.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दराची पद्धत बदलली. शिवारभर विखुरलेल्या खोल्यांमधले मीटर वाचणे मंडळाला परवडत नव्हते, म्हणून मोटारीच्या अश्वशक्तीवर ठोक आकारणी सुरू झाली. शेतकऱ्याला बिल समजायला सोपे झाले. पण वीज किती वापरली जाते हे मोजण्याचे साधन गेले आणि नंतरच्या सगळ्या वादांना त्यामुळे अंदाजांचाच आधार उरला. पाच अश्वशक्तीच्या मोटारीवर तीनची पाटी लावण्याचे प्रकारही यातूनच आले. २००४ मध्ये राज्यात शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी ती मागे घेतली गेली.

शेतीच्या दरात वीज नेमकी कशासाठी वापरायची, हे दरपत्रकाने बारकाईने ठरवले होते. पंपघरात मोटारीच्या जोडणीवर ४० वॅटपर्यंतचा एक दिवा लावता येईल. स्वतःच्या शेतीसाठी ऊस गाळणे आणि कडबा कापणे चालेल. पण त्याच जागेत पिठाची गिरणी किंवा तेलघाणा चालवता येणार नाही, मग तो वेगळ्या मोटारीवर असो की पट्टा बदलून. या ओळी लिहिणाऱ्यांना शिवार चांगले ठाऊक होते. विहिरीवरची खोली पाण्यापुरती राहत नाही, तिथे कडबा कुट्टी येते, गुऱ्हाळ येते, राखणीची खाट येते, हे त्यांनी ओळखले होते. त्या एका दिव्याने वस्तीच्या जीवनात केवढा फरक पडला, याची नोंद मात्र कोणत्याही दरपत्रकात नाही. त्याच्या उजेडात रात्री दारे धरता आले, आणि जिथे घराला जोडणी नव्हती तिथे मुलांचा अभ्यासही याच दिव्याखाली झाला.

२००३ च्या वीज कायद्यानंतर जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरण महावितरणकडे आले. हा भाग बारामती परिमंडळात येतो. तीच वर्षे कडक भारनियमनाची होती. गावात दिवे ठेवून पंप बंद ठेवण्यासाठी वाहिनीवर तिन्ही फेज न देण्याचा मार्ग वापरला गेला, तर उभे पीक वाचवण्यासाठी शेतकऱ्यांनी कपॅसिटर लावून दोन फेजवर तीन फेजच्या मोटारी चालवल्या. मोटारी जळाल्या, रोहित्रेही जळाली. गावठाणाच्या आणि शेतीच्या वाहिन्या वेगळ्या करण्याच्या योजनेने हा गुंता पुष्कळसा सुटला, पण शेतीच्या वाहिनीला तासांची मर्यादा पक्की झाली. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आठ ते दहा तास.

वीज किती तास आणि केव्हा येणार हे दूर कुठेतरी ठरू लागल्यावर खोलीतली उपकरणे बदलली. वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा ‘ऑटो’ घरोघर आला. रात्री दोन वाजता सापाकिरड्याच्या वाटेने विहिरीवर जाण्यापेक्षा तो बरा वाटणे साहजिक होते. पण वाहिनी सुरू होण्याच्या क्षणी डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम प्रवाह मागू लागल्या की फ्यूज उडतो किंवा रोहित्र जळते, आणि मग साऱ्यांचेच पाणी थांबते. ऑटो काढा, कपॅसिटर बसवा, असे महावितरण आजही सांगते. पाच अश्वशक्तीच्या मोटारीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर पुरतो आणि त्याने तारेतला प्रवाह कमी होतो. पाणी वेळेत मिळण्याची खात्री नसताना हा सल्ला एकट्याने पाळणे अवघड असते, म्हणून तो फारसा पाळला गेला नाही. फोनवरून चालू-बंद होणाऱ्या मोबाइल स्टार्टरने रात्रीच्या फेऱ्या बऱ्याच कमी केल्या. २०१८ मध्ये आलेल्या उच्चदाब वितरण योजनेत एक-दोन शेतकऱ्यांपुरते छोटे रोहित्र बसू लागले. लघुदाबाची तार आखूड झाली, त्यामुळे व्होल्टेज सुधारले आणि शेजाऱ्याच्या चुकीने मोटार जळण्याचा धोका घटला.

अलीकडच्या योजना दोन दिशांनी चालल्या आहेत. २०१७ पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीची वाहिनी दिवसा चालवली जाते. यात शेतकऱ्याची खोली, स्टार्टर, मोटार तशीच राहते. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षांसाठी वीजबिल माफ आहे, त्यामुळे जुनी जोडणी सोडण्याचे कारण कमी झाले. दुसरी दिशा ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेची. तिच्यात तार, खांब, डीपी काहीच लागत नाही. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के. शिवाराच्या टोकाला, खांबापासून लांब असलेल्या विहिरीला याचा लाभ सर्वात मोठा. मात्र पॅनेल ऊन असेल तेवढाच वेळ चालते. बारा महिने पाणी मागणाऱ्या उसाला आणि कालव्याची पाळी चुकल्यावर रात्रंदिवस उपसा करणाऱ्या बागायतदाराला तारेवरची मोटार अजून लागते, त्यामुळे काही विहिरींवर खोलीच्या पत्र्याशेजारी सौर पॅनेलची चौकट उभी राहिली आहे आणि आतला जुना स्टार्टरही चालू ठेवलेला आहे.