कंधार की कंदाहार? वीस वर्षांची राजधानी आणि तिचा पाण्यातला किल्ला

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एक मोठी चूक केली. शहाजहानच्या काळातल्या ‘कंदाहार’च्या सगळ्या नोंदी एकाच वहीत उतरवल्या: 1631 चा वेढा, 1638 चं हस्तांतर, 1649 चा पराभव. सरांनी वही चाळली आणि शांतपणे विचारलं, “1631 ला मोगल फौज अफगाणिस्तानात काय करत होती रे?”

मी गप्प. कारण 1631 चा वेढा आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचा होता! फारसीत दोन्ही गावांची नावं सारखीच लिहिली जातात. अली मर्दान खानाने 1638 ला मोगलांना दिलेलं आणि 1649 ला इराणने परत घेतलेलं ते अफगाणिस्तानातलं. 1631 ला नसीरी खानाने निजामशाहीकडून जिंकलेलं ते मन्याड नदीकाठचं. या वेढ्याचं चित्र विंडसरच्या राजसंग्रहातल्या ‘पादशहानामा’च्या हस्तलिखितात आहे. नुसतं ‘कंदाहार’ वाचलं की आपण तिथेही फसू शकतो.

आता मुख्य मुद्दा. हे कंधार मोगलांना एवढं का हवं होतं?

1636 ला शहाजहानने औरंगजेबाला दख्खनचा सुभेदार नेमलं. तेव्हा दख्खनचे चार सुभे होते. खानदेशचं शहर बुऱ्हाणपूर आणि किल्ला असीरगड. वऱ्हाडचं शहर एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, आणि किल्ला गाविलगड. दौलताबादला शहर आणि किल्ला एकाच जागी. चौथा सुभा तेलंगणा: राजधानी नांदेड, किल्ला कंधार. होय, आपलं नांदेड एकेकाळी सुभ्याची राजधानी होतं.

ही यादी नीट बघा. राजधानी म्हणजे एकच ठिकाण, हे आपण आजच्या सवयीने गृहीत धरतो. इथे मात्र जोडी दिसते. नदी, बाजार, रस्ते, वसुलीचा कारभार शहरात. आणि वेळ आली तर टिकून राहायची जागा किल्ल्यात. नांदेड गोदावरीकाठी, कंधार तिथून पन्नासेक किलोमीटरवर.

असीरगड, गाविलगड, दौलताबाद यांना डोंगराचा आधार आहे. लाहोरीच्या ‘बादशाहनाम्या’त दख्खनच्या 64 किल्ल्यांपैकी 53 डोंगरावरचे आणि फक्त 11 सपाटीवरचे सांगितले आहेत. कंधार हा भुईकोट. उंची नाही, म्हणून पाणी. तटाभोवती रुंद, पाण्याने भरलेला खंदक. म्हणजे माणसाने बनवलेलं बेटच म्हणा ना! असा खंदक असला की शिडी लावणं अवघड आणि तटाखाली सुरुंग नेणं त्याहून अवघड. 1631 चा वेढा चार महिन्यांहून जास्त चालला, त्यात नवल नाही.

पाण्याची ही समज मोगलांच्या कितीतरी आधीची आहे. कंधारला सापडलेल्या राष्ट्रकूटकालीन शिलालेखात ‘जगत्तुंगसमुद्र’ या तलावाचं नाव येतं. मराठवाड्यात तलावाला समुद्र म्हणणारी माणसं पाण्याची किंमत जाणूनच असणार.

अजून एक गोष्ट डोक्यात ठेवा. सुभ्याचं नाव तेलंगणा, पण तेलुगू मुलुखाचा मोठा भाग 1687 पर्यंत गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीकडेच होता. हातात नांदेड-कंधार आणि नाव मात्र तेलंगणा! मला वाटतं, हे नाव ताब्यापेक्षा दावा जास्त सांगतं. सुभ्याचं नाव वाचून नकाशा रंगवायला घेऊ नका.

मग 1657 ला औरंगजेबाने बीदर जिंकलं. बीदर मोठं, मजबूत आणि जुनं राजधानीचं शहर. तेलंगणा सुभा बीदरच्या सुभ्यात गेला आणि नांदेड त्यातलं एक ‘सरकार’ उरलं. वीसेक वर्षांत राजधानीपण संपलं. 1708 ला गुरू गोविंदसिंगजी नांदेडला आले तेव्हा ते सुभ्याचं ठाणं नव्हतं. आज जग नांदेडला ओळखतं ते गुरूंमुळे; सुभ्याची आठवण गावातही फारशी निघत नाही.

लातूरकरांनी हसू नये, तुमचीही गंमत आहे. राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत, आणि बहुतेक अभ्यासक लट्टलूर म्हणजे लातूर मानतात. यावरून “लातूर राष्ट्रकूटांची राजधानी होती” असं बिनधास्त लिहिलं जातं. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट होती, आजचं मालखेड. बिरुदातलं गाव घराण्याचं मूळ सांगतं, कारभाराची जागा नाही.

तेव्हा साधनात ‘राजधानी’ दिसली की तीन प्रश्न विचारा. हे घराण्याचं मूळगाव आहे, कारभाराचं शहर आहे, की आसऱ्याचा किल्ला? लातूर, नांदेड आणि कंधार ही तिन्हींची उत्तरं दीड-दोनशे किलोमीटरच्या टापूत आहेत.

आणि हो, माझी ती वही अजून आहे. तिच्यावर आता दोन रंगांच्या पट्ट्या आहेत: हिरवी मन्याडची, लाल अफगाणिस्तानची. तुम्ही हे काम पहिल्याच दिवशी करा.