बशीच्या पाठीवरची साक्ष

आमच्या घरी एक जुनी विलायती बशी आहे. पांढऱ्या अंगावर निळी वेलबुट्टी, काठाला एक टवका. ती फडताळातून बाहेर निघाली की वडीलधाऱ्यांचे चेहरे उतरत. थोरल्या पातीचे लोक म्हणत, १८५७ साली सातारच्या कटाची खबर आमच्या मूळ पुरुषाने, म्हणजे पणजोबांच्या आजोबांनी, साहेबाला दिली आणि बक्षीस म्हणून ही बशी मिळवली. या बशीपायी दोन पात्यांची पंगत तीन पिढ्या एकत्र बसली नाही.

मी शाळेत इतिहास शिकवतो. पुरावा पाहिल्यावाचून निकाल देऊ नये, असे मुलांना बजावतो. पण घरचा पुरावा मी कधी उलटून पाहिला नव्हता. गेल्या वर्षी आत्याने बशी माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "एवढी पुस्तकं वाचतोस, हिचं काय ते एकदा सांग बाबा."

विलायती चिनी मातीचे भांडे बोलते ते पाठीने. स्टॅफर्डशायर परगण्यात बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक ही कुंभारकामाची गावे. तिथले नामांकित कारखानदार भांड्याखाली आपली खूण उमटवीत. मिंटनने १८४२ पासून दर सालाला निराळे चिन्ह ठेवले. वेजवूडने १८६० पासून महिना, कारागीर आणि साल सांगणारी तीन अक्षरे ठोकायला सुरुवात केली. 'कोपलंड अँड गॅरेट' हे नाव १८३३ ते १८४७ एवढ्याच काळातले. अमेरिकेच्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून परदेशी मालावर देशाचे नाव घालणे भाग पडले. म्हणून 'इंग्लंड' हा शब्द दिसला की भांडे बहुधा त्यानंतरचे समजावे. मात्र नावाखाली छापलेल्या सालाला भुलू नये. ते पुष्कळदा कारखाना स्थापन झाल्याचे असते, भांडे घडल्याचे नव्हे.

आमच्या बशीवर यातले काहीच नव्हते. होता फक्त शंकरपाळ्याच्या आकाराचा एक ठसा. भिंगाखाली तो स्पष्ट झाला. डोक्यावर वर्तुळात रोमन चार, आत चारी कोपऱ्यांत अक्षरे आणि आकडे. नक्षीची चोरी होऊ नये म्हणून १८४२ साली इंग्लंडात कायदा झाला. सरकारदरबारी नोंदलेल्या नमुन्यावर १८८३ पर्यंत हा ठसा येई. रोमन चार हा मातीच्या वस्तूंचा वर्ग. एक अक्षर सालाचे, एक महिन्याचे. आकडे तारखेचे आणि नोंदीच्या गठ्ठ्याचे.

सालाची अक्षरे वर्णक्रमाने नाहीत, त्यासाठी कोष्टक पाहावे लागते. मला 'सी' दिसला. कोष्टकात 'सी' म्हणजे १८४४. काळजात चर्र झाले. सत्तावनच्या आधीची बशी! आरोपाशी काळ तंतोतंत जुळत होता. आत्याला काही न सांगता मी बशी ठेवून दिली.

रात्री झोप येईना. पुन्हा उठलो, भिंग घेतले. 'सी' वरच्या कोपऱ्यात नव्हता, उजव्या कोपऱ्यात होता. वर तारखेचा आकडा होता. आता उलगडा झाला. १८४२ ते १८६७ या सव्वीस वर्षांत इंग्रजीची सव्वीस अक्षरे संपली, तेव्हा १८६८ पासून कोपऱ्यांची मांडणी बदलली. वरचे सालाचे अक्षर उजवीकडे गेले. उजवीकडचा 'सी' म्हणजे १८७०.

कुळाच्या चोपडीत मूळ पुरुषाचा मृत्यू शके १७८७, म्हणजे १८६५ साली नोंदलेला आहे. बशीचा नमुनाच मुळी त्याच्यामागे पाच वर्षांनी जन्मला. आणि ही नोंद नमुन्याची. बशी त्याहून उशिराची असेल, आधीची असणे शक्य नाही.

दुसऱ्या दिवशी बशी फडक्यात गुंडाळून थोरल्या पातीच्या काकांकडे गेलो. त्यांनी ठसा पाहिला, कोष्टक पाहिले, चोपडीतली नोंद दोनदा वाचली.

"मग खबर कुणी दिली?"

"ते बशी सांगत नाही, काका. आपल्या माणसानं दिली नाही, असंही ती सांगत नाही. पण ही बशी त्याला मिळालेली नाही, एवढं नक्की. आणि आपल्याजवळ दुसरा पुरावा कुठला होता?"

काका बराच वेळ टवक्यावरून बोट फिरवीत बसले. मग आत वळून म्हणाले, "अहो, आणखी एक पान मांडा."

त्या दिवशी मी तिथेच जेवलो.